कुणीच न चाखलेली चव

३ सप्टेंबर

मार्चच्या चौदा तारखेनंतर आज वही उघडतो आहे. मध्ये साडेपाच महिने गेले. माफी कुणाची मागायची हा प्रश्नच आहे, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. तेव्हा स्वतःचीच मागतो आणि स्वतःच देऊन टाकतो. कारणं हवी तेवढी सापडतील: मुलगी शिकायला बाहेर गेली, घराला रंग दिला, चष्मा बदलला. खरं कारण एवढंच की लिहिण्यासारखं काही घडत नाही असं रोज वाटायचं, आणि ते तपासून न पाहता मी मान्य करायचो.

आज घडलं. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं, तिथे एक डॉक्टरबाई बसल्या होत्या. आमचा कारखाना चवी बनवतो, म्हणजे बिस्किटांत, गोळ्यांत, खोकल्याच्या औषधांत घालायचे अर्क. अठरा वर्षं मी चाखण्याच्या टेबलावर आहे. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाने ओळखीची चव मागितली. संत्र्याची मागितली तर ती संत्र्याहून संत्री हवी असायची. डॉक्टरबाईंनी उलटंच मागितलं. त्यांना अशी चव हवी आहे जी कुणी कधी चाखलेलीच नाही.

लोकांना आवडायला हवी का, असं मी विचारलं.

"आवडली तर आवडू दे," त्या म्हणाल्या. "पण कशाची आठवण झाली, तर बाद."

धुळीने शिंका येणारे काही रुग्ण त्यांच्या अभ्यासात आहेत. ते पाच दिवस रोज सकाळी ॲलर्जीची खरी गोळी घेतील आणि प्रत्येक वेळी गोळीबरोबर हे पेय पितील. मग काही दिवस दोन्ही बंद. त्यानंतर पेय तेच, पण गोळी नुसती दिसायला गोळी, आत काही नाही. तेव्हाही शिंका कमी होतात का, ते पाहायचं. मी म्हटलं, म्हणजे शरीराला फसवायचं. त्या म्हणाल्या, नाही, शिकवायचं. दोन्हींत फरक काय, हे मला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

५ सप्टेंबर

डॉक्टरबाई पुन्हा आल्या होत्या. मी कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं, थोडं जीवशास्त्रही. तेव्हा मज्जासंस्था एका धड्यात होती, रोगप्रतिकारशक्ती दुसऱ्या धड्यात, आणि मध्ये सहामाही परीक्षा होती. दोघींची गाठ पडल्याचं मला आठवत नाही.

बाई म्हणाल्या, गाठ रोज पडते. ताप आला की पडून राहावंसं वाटतं, जेवण नको, माणसं नकोत. ते सगळं जंतू करत नाहीत. लढणाऱ्या आपल्याच पेशी काही रसायनं सोडतात, त्यांची खबर मज्जातंतूंवाटे आणि रक्तावाटे मेंदूला पोचते, आणि मेंदू हुकूम काढतो की आता निजा. उलट्या दिशेनेही निरोप जातो. मज्जातंतूंची टोकं प्लीहेपर्यंत, नाकाच्या अस्तरापर्यंत पोचलेली असतात, आणि शिंका आणणाऱ्या पेशी त्यांच्या अगदी लगत बसलेल्या असतात. टोकातून काय झिरपतं त्यावर त्या पेशी शांत होतात किंवा चवताळतात. आता प्रश्न असा की मेंदूला एखाद्या चवीवरून "औषध आलं" असं वाटलं, तर तो खाली तसा निरोप धाडतो का. उंदरांनी फार पूर्वी हे करून दाखवलं आहे. माणसं अजून पुरती तयार होत नाहीत.

हे मी जेवताना घरी सांगितलं. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांना नाकाच्या अस्तराची हकीकत फार पटली. त्या म्हणाल्या, "शेजारणी आहेत त्या. भिंतीला कान लावून बसलेल्या." सासूबाईंना रोज सकाळी केर काढताना अकरा शिंका येतात. बायको मोजते. गोळी घ्या म्हटलं तर त्या घेत नाहीत. कशाला, दिवसभर पेंगायला?

शिंका मलाही येतात, पण मी गोळी घेतो. चाखणाऱ्याचं नाक चोंदणं म्हणजे रंगाऱ्याचे डोळे जाणं, म्हणून चार वर्षं रोज सकाळी साडेसातला. पेंग येत नाही. निदान मला तसं वाटतं. बायकोचं मत वेगळं आहे.

११ सप्टेंबर

चौदा नमुने झाले, चौदाही बाद. चव बिघडवणं सोपं आहे, अनोळखी करणं महाकठीण. माणसाला कशाचीही आठवण होते. चौथ्या नमुन्याने बायकोला शाळेतल्या डिंकाची बाटली आठवली. नवव्याने मालकांच्या पुतणीला पोहण्याचा तलाव आठवला. ही पुतणी वर्षभर माझ्या हाताखाली शिकते आहे. नाक तिखट आहे आणि स्वभाव गोड. मालकांची नात्यातली असूनही मला तिचा राग येत नाही. येत नाही असं लिहिलं, पण कधीकधी येतो. तिला जे तीन श्वासांत कळतं, त्यासाठी मला आता पाच लागतात.

बाराव्याची चव घेऊन सासूबाई म्हणाल्या, "साबणाचं आणि काकडीचं भांडण झालंय." मी म्हटलं, भांडण चालेल, फक्त दोघांची ओळख पटता कामा नये.

१६ सप्टेंबर

तेविसावा. काकडीची साल, ओल्या मातीचा वास देणारा अर्क अगदी थेंबभर, कडू संत्र्याच्या फुलाचा अंश, किंचित मीठ आणि निळा रंग. पुतणीला कशाचीच आठवण झाली नाही. बायको दोनदा प्यायली आणि तिने खांदे उडवले. सासूबाईंनी पेला रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हे काय आहे ते मला सांगता येत नाही, जावईबापू. आणि मला सगळं सांगता येतं."

इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

१९ सप्टेंबर

डॉक्टरबाईंनी तेविसावा पसंत केला. आता रोज थोडं थोडं बनवायचं आणि प्रत्येक घाणा आदल्यासारखाच उतरला आहे ना, ते पाहायचं. एरवी आम्ही चाखून थुंकतो, पण हे गिळायचंच आहे, कारण घशाखाली गेल्यावर मागे काय उरतं तेही सारखं हवं. म्हणून मी सकाळी इतरांच्या आधी येतो. तेव्हा खोलीत दुसरे वास नसतात.

एक नोंद करून ठेवतो, कारण ती टाळली तर टोचत राहील. पाण्याचं यंत्र खालच्या मजल्यावर आहे, म्हणून मी साडेसातची गोळी या नमुन्याच्याच घोटाबरोबर घेतो. १६ तारखेपासून रोजच. हे बरोबर नाही, चाखणाऱ्याने तोंडात दुसरं काही घेऊ नये. पण गोळीला स्वतःची चव नाही, आणि जिना उंच आहे.

२९ सप्टेंबर

सहामाही परीक्षेची नोटीस लागली: ७ ऑक्टोबर, सकाळी दहा. चाखणाऱ्या प्रत्येकाला ही द्यावी लागते. समोर तीन पेले येतात, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. असे बारा वेळा. नऊ बरोबर आले की टेबल तुमचं. मार्चमध्ये मला नऊच आले होते. (वही मार्चमध्ये का थांबली, हे आत्ता लिहिताना दिसलं.)

मालक जिन्यात भेटले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की गोदामाला एक जाणता माणूस हवाच आहे, तिथे उजेडही चांगला आहे. प्रेमाने म्हणाले, म्हणजे त्यांनी मनात ठरवलेलं असणार. गोदाम वाईट नाही. पण अठरा वर्षं जगाशी माझी ओळख जिभेने आणि नाकाने झाली आहे. खोकी मोजताना मी कोण असेन, मला कळत नाही.

नियमांच्या कागदावर लिहिलं आहे की परीक्षेआधी पाच दिवस नाकावर परिणाम करणारं कोणतंही औषध घेऊ नये. गेल्या चार वर्षांत मी तो पाळत आलो. म्हणजे परीक्षेला मी दरवेळी चोंदलेलं नाक घेऊन बसलो. बायको म्हणाली, घे की गोळी, कोण बघतंय. मी म्हटलं, मी बघतोय. ती म्हणाली, तेच तर तुझं दुखणं आहे, त्यावर गोळी निघायला हवी.

५ ऑक्टोबर

गोळी २ तारखेपासून बंद. निळ्या पेयाचं कामही १ तारखेला तात्पुरतं थांबलं. नाक विटेसारखं. काल पुतणीने दालचिनी आणि लवंग पुढे ठेवली, मला दोन्ही कोमट वाटल्या. तिने बाटल्या उचलल्या. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

७ ऑक्टोबर

बारापैकी अकरा.

सविस्तर लिहितो. सकाळी उठलो तेव्हा नाक बंद, डोळे लाल. गोदामाचा उजेड मनाने मान्य करून घराबाहेर पडलो. कारखान्यात डॉक्टरबाईंचा निरोप: पेय कमी पडलं आहे, नवा घाणा आजच हवा. साडेसातला बनवला, चाखला, गिळला. आदल्यासारखाच. मग खिडकीशी बसून राहिलो. आठच्या सुमारास लक्षात आलं की मला खिडकीच्या गजांचा वास येतो आहे, लोखंडाचा. मग फळ्याजवळच्या खडूचा आला. मग पुतणी दार उघडून आत आली तेव्हा तिने कोणता साबण वापरला आहे तेही कळलं. दहापर्यंत नाक मोकळं होतं. पेले समोर आले आणि वेगळा पेला जणू हात वर करून बसलेला होता.

मालकांनी हात हातात घेतला. जीव भांड्यात पडला. वारा पडला असेल, म्हणून धूळ कमी झाली असेल.

८ ऑक्टोबर

वारा पडला नव्हता. शेजाऱ्यांची दोरीवरची चादर काल दिवसभर फडफडत होती, असं बायको म्हणते.

मग मोकळं कशाने झालं? मी गिळलं ते एकच, निळं पेय. आणि आता एक भलतीच शंका येते आहे: त्या पेयातच नाक मोकळं करणारं काही नसेल ना? कडू संत्र्याच्या फुलाचा अर्क नव्या व्यापाऱ्याकडून घेतला होता. तसं असेल तर डॉक्टरबाईंचा सगळा अभ्यास पाण्यात, कारण पेयच औषध ठरेल. आणि माझे अकरा गुणही खोटे, कारण मी परीक्षेच्या दिवशी औषध घेतलं असं होईल. परीक्षेच्या रजिस्टरमध्ये रकाना आहे, "औषध घेतले काय?" काल तो घाईत कोराच राहिला. पुतणीने दोनदा आठवण केली. मी उद्या भरतो म्हणालो.

११ ऑक्टोबर

मालकांना सांगून परवा अर्ध्या लिटरची निळी बाटली घरी आणली. वस्तू अभ्यासाची आहे, म्हणून पातळीवर पेनाने रेघ मारतो, प्रत्येक वापरानंतर नवी.

पहिला प्रयोग सासूबाईंवर. त्यांना एक घोट दिला, वीस मिनिटं थांबलो, मग त्यांनी केर काढला. बारा शिंका. एक प्रयोगासाठी जादा, असं त्या म्हणाल्या. दुसरा माझ्यावर. गोळी अजून बंदच ठेवली आहे. निळा रंग घातलेलं साखरपाणी डोळे मिटून प्यायलो: काही नाही. दुसऱ्या दिवशी खरं निळं पेय: अर्ध्या तासात नाक मोकळं, दोन तास टिकलं.

सासूबाईंचं नाक वेगळ्या घडणीचं असावं. माझ्यावर मात्र पेय उघड उघड काम करतं. सोमवारी डॉक्टरबाईंना सांगावंच लागेल, आणि मग मालकांना. टेबल गेलं तर गेलं. असं लिहायला सोपं आहे.

१३ ऑक्टोबर

डॉक्टरबाईंसमोर सगळं कबूल केलं, अगदी आरोपीसारखं. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या की पेयाचा प्रत्येक घाणा त्यांनी तपासून घेतला आहे, त्यात औषधाचा लवलेश नाही. मी म्हटलं, मग माझं नाक? त्यांनी विचारलं, तुम्ही ॲलर्जीची गोळी घेता का. घेतो. कधी. साडेसातला. कशाबरोबर.

मी वही काढून १९ सप्टेंबरची नोंद वाचून दाखवली. जिन्याचा उल्लेखही वाचला, कारण गाळणं बरोबर दिसलं नसतं.

त्यांनी रविवार वगळून बोटांवर मोजलं. "तेरा सकाळी," त्या म्हणाल्या. "मी रुग्णांना पाचच देते आहे." मग त्या हसू लागल्या आणि हसता हसता थांबल्या. म्हणाल्या, तुम्ही एकटे आहात, त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही. नाक आपोआप मोकळं झालं असेल, आशेने झालं असेल. माझ्या तक्त्यात तुम्हाला जागा नाही. पण माझ्या एकाही रुग्णाने मला हे इतक्या नीट तारखांसकट सांगितलेलं नाही. आणखी म्हणाल्या की गोळीशिवाय नुसतं पेय पीत राहिलात तर शरीर हळूहळू हा धडा विसरेल. पुन्हा दोन्ही एकत्र घेतलंत तर बहुधा पक्का होईल. उघडलेली बाटली मात्र त्यांना नको.

नंतर मालकांकडे गेलो. पुन्हा परीक्षा घ्या म्हणालो. ते वैतागले. पास झालात तेच तुम्हाला खुपतंय का, म्हणाले. मग पाच दिवसांच्या नियमावर आलो, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. तो नियम त्यांच्या वडिलांचा. तेव्हा चाखणारे सर्दी झाली की नाकाला झणझणीत मलम चोपडून यायचे आणि सगळ्या खोलीला तोच वास लागायचा, त्यासाठी केलेला.

"वर्षभर तुम्ही गोळी घेऊन काम करता," मालक म्हणाले. "मग परीक्षा त्याच नाकाची नको का? मला गोळीशिवायचं नाक घेऊन काय करायचंय?"

चार वर्षं मी प्रामाणिकपणे चुकीच्या नाकाने परीक्षा देत होतो. पुढच्या सोमवारी पुन्हा, रोजची गोळी घेऊन.

१४ ऑक्टोबर

आजपासून गोळी सुरू, खालच्या मजल्यावरच्या साध्या पाण्याबरोबर. पेयाबरोबर घ्यायचा मोह झाला, नाही म्हणत नाही. पहिल्यांदा झालं ते नकळत झालं. आता मुद्दाम केलं तर ती लबाडी, की नुसता अभ्यास? पहिल्या दिवशी पडलेला फसवण्या-शिकवण्याचा प्रश्न तसाच आहे. तो सुटेपर्यंत पाणी.

काल रात्री जेवताना सासूबाईंना सगळी हकीकत पुन्हा ऐकायची होती. त्यांनी फार बारकाईने विचारलं: गोळी आधी की घोट आधी, किती घोट, किती दिवस. शास्त्रात त्यांना एवढी गोडी आहे हे मला ठाऊक नव्हतं. आज संध्याकाळी आपल्या आपण दवाखान्यात जाऊन त्यांनी गोळ्यांची एक पट्टी आणली. इतकी वर्षं आम्ही सांगून थकलो; समजावून सांगितलं की माणूस ऐकतो. बायको म्हणाली, पेंग येते ना तुला? त्या म्हणाल्या, थोडेच दिवस.

२० ऑक्टोबर

बारापैकी दहा. पुतणीनेच पेले लावले होते, आणि शेवटचा पेला ओळखल्यावर ती माझ्यापेक्षा जास्त खूश दिसली. ११ सप्टेंबरला तिच्याबद्दल लिहिलेलं अर्धं वाक्य मागे घेतो.

पाच श्वास लागले, पण लागले ते माझे. टेबल माझंच. मालकांनी नियमाचं कलम पेनाने खोडलं आणि खाली सही केली. गोदामासाठी ते दुसरा माणूस शोधत आहेत.

मग ७ तारखेचा कोरा रकाना भरायला बसलो. "औषध घेतले काय?" होय लिहावं तर पेयात औषध नव्हतं. नाही लिहावं तर नाक मोकळं झालं होतं. शेवटी रकान्यात मावेना म्हणून समासात उतरलो: "औषध नाही. निळ्या पेयाचा एक घोट. परिणाम झाला. कारण मला पूर्ण समजलेले नाही." पुतणीने वाचलं आणि म्हणाली की या रजिस्टरमध्ये इतकं खरं आजवर कुणी लिहिलेलं नाही.

२५ ऑक्टोबर

शांत आठवडा. डॉक्टरबाईंचे रुग्ण आता बिनऔषधाच्या गोळीपर्यंत आले आहेत, निकाल महिन्याभराने. त्यांनी आणखी एक वेगळी चव मागितली आहे. परवापासून सुरुवात.

घरात धूळ कमी झालेली दिसते, पडदे धुतल्याचा परिणाम असावा. सासूबाईंची पट्टी तीन दिवसांपूर्वीच संपली, आणि नवी नको म्हणाल्या. तरी आज केर काढताना दोनच शिंका. पेंगतही नाहीत, उलट सकाळभर गुणगुणत असतात. मी विचारलं, कसं काय? त्या म्हणाल्या, "शेजारणींना समजावलंय."

एक गोष्ट मात्र खटकते. निळी बाटली ओतून टाकायला म्हणून काढली, तर पातळी माझ्या शेवटच्या रेघेपासून चांगली चार बोटं खाली. ११ तारखेनंतर मी तिला हात लावलेला नाही, बायकोही नाही म्हणते. फ्रिजमध्ये इतकं उडून कसं जाईल? ओतून टाकण्याआधी कारण शोधायला हवं. सासूबाईंनाही ते पटलं; इतक्यात टाकू नका, म्हणाल्या.

उद्या: बाटलीचं झाकण बदलणे.